सोमवारचा फोन आणि कूलरमधलं डुक्कर

वर्धा जिल्ह्यात मी चार दिवस होते आणि तिथलं प्रेक्षणीय असं एकच स्थळ मी पाहिलं: पत्र्याच्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यात, आडवं पडलेलं एक मेलेलं डुक्कर. लोक तिकडे आश्रम बघायला जातात. मी एवढंच विचारायला गेले होते, की एका माणसानं माझा फोन कापला की तो त्याच्या हातून पडला. तो माणूस उत्तर द्यायला उरलेला नव्हता, म्हणून डुकरापर्यंत जावं लागलं.

आधी हा माणूस कोण ते सांगते. नारायणगावजवळ माझी रोपवाटिका आहे. सुरुवात एसटी स्टँडवर कोथिंबिरीच्या जुड्या विकण्यापासून केली. आज टोमॅटोची, मिरचीची, वांग्याची रोपं ट्रेमधून लांबलांबच्या जिल्ह्यांत जातात. कुणाची शिफारस नव्हती आणि नवऱ्याची मदत चहा मागण्यापुरती. जे केलं ते तोंडाच्या जोरावर केलं, आणि ते तोंड कसं आहे हे आमच्या बाजारात कुणालाही विचारा. वडनेरच्या वामनरावांचा पहिला फोन अकरा वर्षांपूर्वी आला तो भांडायलाच. मी पाठवलेली टोमॅटोची रोपं वाटेतल्या उन्हानं माना टाकून पोचली होती. अर्धा तास आम्ही एकमेकांची अक्कल काढली. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुमी भांडता चांगलं. सोमवारी फोन करतो." आणि केला. तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी सातला आम्ही भांडत आलो. एकमेकांचं तोंड मात्र कधी पाहिलं नाही.

गेली सात वर्षं भांडणाचा विषय एकच होता, त्यांचं वांगं. बोटभर लांबीचं, काटेरी, जांभळ्या रेघांचं. मी बी मागितलं तर त्यांनी बसमधून डबाभर वांगी पाठवली, सगळी कोवळी, बी धरायच्या आत तोडलेली. माणूस हुशार आहे हे मी त्या डब्यावरून ओळखलं. त्यांची अट अशी, की रोपं विकायची तर 'वडनेरी' या नावानं. माझं म्हणणं, वडनेर कुणाला माहीत आहे? रोपाला माझ्या रोपवाटिकेचं नाव लागेल. सात वर्षांत दोघांपैकी एकानंही तसूभर माघार घेतली नाही.

या मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नेहमीपेक्षा जास्त ताणून बसले होते. माझा दिवसही वाईट गेला होता. मी म्हणाले, "मग ठेवा तुमचं बी तुमच्याजवळ, आणि वर जाताना बरोबर घेऊन जा." फोन बंद झाला.

बुधवारी दुपारी वामनराव घरात मेलेले सापडले. एकटेच राहत. गुरुवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. त्यांच्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता. तिनं विचारलं, काय बोलणं झालं? आणि मी, जी आयुष्यात कधी आपला भाव पहिला सांगत नाही, तिला शब्दन् शब्द सांगून बसले. ती म्हणाली, "म्हंजे तुमी बोलल्या अन् बाबा गेले." आणि तिनं फोन ठेवला.

तीन आठवडे मी नीट जेवले नाही. वामनरावांनी माझा फोन कापला असेल तर तो माझा अपमान होता, आणि अपमान मी पचवू शकते, व्याजासकट परतही करू शकते. पण माझं वाक्य कानात घेऊन ते खाटेवर कोसळले असतील, तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मला अपमानच हवा होता. तो मिळतो का ते पाहायला मी गाडीत बसले.

सिंदी मेघे

नवतपा लागला होता. सूर्य नऊ दिवस सुटीवर न जाता काम करतो त्याला तिकडे नवतपा म्हणतात. गाडीतून उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माझी चप्पल डांबरात रुतली आणि तिचा अंगठा तिथेच राहिला. रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं. "काकू, डोक्याले काही बांधा. अशा फिरून राह्यल्या तर संध्याकाळी तुमाले बी दवाखान्यात सोडा लागन." मी भाड्याची घासाघीस सुरू केली होती, ती अर्धवट सोडून त्याच्याच टॉवेलनं डोकं बांधलं. तो टॉवेल त्यानं परत घेतला नाही. आमच्याकडे याला बावळटपणा म्हणतील.

रेखा, वामनरावांची एकुलती मुलगी, वर्धा शहराला लागूनच असलेल्या सिंदी मेघेत राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दार उघडून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्या?"

"मीच."

ती आत वळली. खिडकीतल्या कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं, मला त्याच्यासमोरची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं. मी पेला खाली ठेवल्यावर मग म्हणाली, "तुमचं तोंड पाहाची माझी इच्छा नव्हती."

आमच्याकडे याच्या उलट असतं. आधी बोलून घेतात, पाणी नंतर विचारतात, तेही भांडण मिटलं तर. इथे वैरी आला तरी आधी कूलर. मी त्या गार वाऱ्यात बसून शिव्या खाल्ल्या आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात कधी खाल्ल्या नव्हत्या. मग तिनं जेवायला वाढलं. वरण, भात, पोळी आणि सांभारवडी. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. जिच्या जुड्या विकून मी उभी राहिले तिला इथे वेगळंच नाव आहे, याचा मला उगीच राग आला. वडी मात्र चार वेळा मागून घेतली.

"तुझे वडील माझ्या बोलण्यानं गेले हे तू कशावरून म्हणतेस?" मी विचारलं.

"मी नाई म्हनत. डॉक्टरबाई म्हनते."

घर आतून बंद सापडलं म्हणून वामनरावांचं मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन झालं. हृदय बंद पडलं होतं, संशयास काही जागा नव्हती. पण तिथल्या एका डॉक्टरबाईंचं संशोधन चालू होतं. माणूस मेल्यावर त्याच्या अंगावरचे जंतू कसे बदलतात, त्यावरून तो कधी मेला ते सांगता येतं का, असं. त्यांनी रेखाला विचारलं, वडिलांच्या नाकातून, कानातून, तोंडातून, तळहातावरून कापसाच्या बोळ्यानं थोडं पुसून घेऊ का?

"मी म्हनलं घ्या," रेखा म्हणाली. "बाबा जिंदगीभर वावरात प्रयोग करत राह्यले. होऊ द्या आखरी प्रयोग. तर त्या म्हनल्या, सोमवारी संध्याकाळी गेले असतील. फार तर सोमवार मध्यरात्र."

"पण मंगळवारी त्यांना कुणीतरी पाहिलं असेल."

"कोन पाहीन? गल्लीतले सगळे लग्नाले गेलते आर्वीकडे. बुधवारीच वापस आले."

म्हणजे सोमवार संध्याकाळ सातनंतर त्या माणसाबद्दल बोलू शकतील असे फक्त जंतू उरले होते. आणि ते माझ्याविरुद्ध बोलत होते.

"मला त्या डॉक्टरांना भेटायचंय," मी म्हणाले.

"जा ना. भेटा," रेखा म्हणाली आणि तिनं डॉक्टरबाईंना फोन लावून दिला, बहुधा मी तिच्या कूलरसमोरून उठावं म्हणून.

रोहणा

डॉक्टर वैशाली पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि गाडी अशी चालवणाऱ्या की मृत्यूची वेळ काढणं त्यांना का जमतं ते लगेच कळतं. रेखानं बोलायला परवानगी दिली होती, म्हणून त्या मला बरोबर घेऊन निघाल्या. रोहण्याला एका शेतकऱ्याच्या वावरात त्यांनी प्रयोगाची जागा घेतली आहे. सकाळची वेळ होती, तरी हवा तव्यावरून येत असल्यासारखी.

शेताचे मालक गजाननभाऊ बांधावर उभे होते. मला बघताच त्यांनी खिशातून कांदा काढून माझ्या हातात ठेवला. "राहू द्या जवळ. ऊन नाई लागत."

"याचं काय घेणार?" मी सवयीनं विचारलं.

"घ्या बाप्पा फुकट. आमच्या इथं कांद्याले कोन इचारते?" ते डॉक्टरांकडे वळले. "म्याडम, एक गोष्ट सांगतो. काल माझा साळा आलता. म्हने, भाऊजी, कूलर लावा ना. मी म्हनलं लावलाय बे, पर तिथं एक पाहुना आधीच झोपून हाये."

तो पाहुणा मी पाहिला. शेताच्या कडेला जाळीचं कुंपण, कुत्री येऊ नयेत म्हणून. आत पत्र्याच्या दोन खोल्या. पहिलीत एक मेलेलं डुक्कर, दार-खिडक्या बंद, आतली हवा कढईसारखी. तिथला वास वर्णन करण्याचा माझा विचार होता, पण वाचणाऱ्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. दुसऱ्या खोलीत तसंच एक डुक्कर, त्याच दिवशी मेलेलं, आणि त्याच्यावर वारा सोडणारा नवाकोरा कूलर. वाळ्याच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं. गजाननभाऊ घाम पुसत बाहेर उभे होते आणि डुकराचे कान वाऱ्यानं हलत होते.

"माझ्या लग्नाले वीस वर्षं झाले," गजाननभाऊ म्हणाले, "सासऱ्यानं कूलर नाई देला. याले देला सरकारनं."

डॉक्टर हातमोजे घालून आत गेल्या आणि कापसाचे बोळे घेऊन बाहेर आल्या. झाडाखाली बसल्यावर मी म्हणाले, "मला समजेल असं सांगा. मी सातवी शिकलेय, पण मूर्ख नाही."

"माणूस जिवंत असतो तोवर शरीर या जंतूंना मर्यादेत ठेवतं," त्या म्हणाल्या. "मेला की राखण करणारं कुणी नाही. मग त्यांची ये-जा सुरू होते आणि तिला क्रम असतो. हवेवर जगणारे आधी कमी होतात. हवेशिवाय जगणारे वाढतात. पोटातले आतून बाहेर पसरतात. कुठल्या ठिकाणी कोण किती आहेत ते मशीन मोजून देतं. त्यावरून मागे किती तास गेले ते काढायचं."

हे मला पटकन समजलं. आठवडी बाजारात घड्याळाची गरज नसते. पालेभाजीवाल्या उठायला लागल्या म्हणजे ऊन चढलं. कांदेवाले पाय पसरून बसले म्हणजे दुपार. आणि उरलंसुरलं पडत्या भावात उचलणारे आले म्हणजे दिवस संपला. कोण कुठे बसलंय ते बघून मी वेळ सांगते. डॉक्टरबाई मढ्यावरचा बाजार बघून सांगतात.

"मग वामनरावांचा बाजार सोमवार म्हणाला?"

"सोमवार संध्याकाळ ते मध्यरात्र."

"मंगळवार सकाळ द्या."

"काय?"

"सोमवार जास्त होतोय. मंगळवार सकाळ म्हणा. दुपार मी मागत नाही."

"ताई, ही भाजी नाही."

"बरं, मंगळवार पहाट. दोघांचंही राहू द्या."

"तुम्ही माझ्याशी मरणाची वेळ घासाघीस करताय?"

"मी सगळ्याचीच करते. यावर तरी का सोडू?"

गजाननभाऊ खोकल्यासारखं करून पलीकडे गेले. डॉक्टर हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "हे संशोधन आहे. मी यावर कोर्टात उभी राहणार नाही, आणि माझं चुकू शकतं. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा हलवणार नाही. हलवायचा तर कारण लागेल."

"कशानं हलतो तो?"

"उष्णतेनं, सगळ्यात जास्त. गरम खोलीत हे सगळं झपाट्यानं होतं, गार खोलीत रेंगाळतं. म्हणून तर दोन डुकरं. दोन घड्याळं समजा. एक भट्टीतलं, एक कूलरमधलं. वामनरावांना मी कूलरचं घड्याळ लावलं. पंचनाम्यात आहे, खोली गार होती, कूलर चालू होता."

"कूलर चालू होता?"

"हो."

मी हातातला कांदा खाली ठेवला. भाव ठरवताना मी समोरच्याचं बोलणं ऐकत नाही, त्याच्या मागचा आवाज ऐकते. मागे गाडीत माल भरण्याचा आवाज असला तर तो घाईत आहे. मागे शांतता असली तर त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही. अकरा उन्हाळे मी वामनरावांच्या मागचा आवाज ऐकला होता. कुरकुरणारा पंखा, बाहेरची चिमणी, शेजारणीचा नळ. कूलरची घरघर एकदाही नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं होतं, मेमध्ये कूलर लावत नाही का? ते म्हणाले होते, "कूलर पाहुन्यासाठी असते बाई. एकट्या मानसाले कायले?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं.

"सोमवारच्या फोनवरही नव्हता?"

"नव्हता."

"तुम्हाला मंगळवार हवाय म्हणून आता ऐकू येत नसेल," त्या म्हणाल्या. हे माझ्यासारखं बोलणं होतं, त्यामुळे मला राग आला आणि आदरही वाटला. "कूलर कधी लागला ते माहीत असलेला माणूस आणा. मग मी दुसरं घड्याळ लावून बघते. पण एक लक्षात ठेवा. कूलर सोमवारपासूनच चालू होता असं निघालं, तर माझं उत्तर तेच राहील."

परत निघताना गजाननभाऊंनी विचारलं, प्रयोग संपल्यावर कूलर कुणाचा? डॉक्टर म्हणाल्या, कॉलेजचा. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जागेचा करार पुन्हा वाचा आणि पुढच्या डुकराच्या आधी कूलरचं बोलून घ्या. कांद्याची भरपाई झाली.

वडनेर

हिंगणघाटच्या पुढे वडनेर. ज्या गावाच्या नावावरून मी सात वर्षं भांडले, ते एकदाचं पाहिलं. पाटीवर नाव मोठं होतं, मला वाटलं होतं त्याहून.

वामनरावांच्या घराची किल्ली शेजारच्या कांताबाईंकडे असते. साठीच्या, ठेंगण्या, बोलताना पदर दातात धरणाऱ्या. मी नाव सांगितलं तर त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "अवं, पुन्याची बाई आली. सोमवारवाली."

"नारायणगावची," मी म्हणाले.

"थेच ना, पुनं. भाऊजी रोज तुमच्या गोष्टी सांगत. म्हनत, लय खवट बाई हाये, पर हिसाबात चुकत नाई." मग आवाज खाली आणून, "तुमचा फोटो नव्हता त्यायच्याजवळ. मी एकदा इचारलं, दिसाले कशा हायेत? म्हने, आवाजावरून तं जाडजूड वाटते."

हे वाक्य मी इथे नसतं लिहिलं, पण प्रवासवर्णनात खोटं चालत नाही.

त्यांनी कुलूप काढलं. एक खोली, लोखंडी खाट, फळीवर राखेत बी ठेवायच्या बाटल्या, सगळ्या रिकाम्या. छतावरचं ऊन खाली उतरत होतं. आणि मी पाहत असताना कांताबाईंनी पाय ठेवल्या ठेवल्या जे केलं, ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. कोपऱ्यातली बादली उचलली, हापशावरून भरून आणली, खिडकीतल्या कूलरच्या टाकीत ओतली, बटण दाबलं, आणि खाट झटकत म्हणाल्या, "बसा."

मी बसले नाही. "कांताबाई, त्या बुधवारीही तुम्ही असंच केलंत का?"

त्यांचा हात चादरीवर थांबला. "कोनं सांगतलं तुमाले?"

"कुणी नाही. आत्ता बघितलं."

त्या दारापाशी जाऊन बाहेर कुणी आहे का बघून आल्या. "पोलिसाच्या आंधी कायले हात लावाचा नसते, हे मले मालूम हाये. माझा पोरगा बी ओरडला नंतर. पर दार तोडलं अन् पाह्यलं, तं खोली नुसती भट्टी. भाऊजी खाटेवर. पंधरा-वीस लोकं दारात. पोलीस याले वेळ होता. हात आपोआप गेला ना. घरी लोकं आले अन् कूलर नाई लावला, असं होते का कधी? अन् भाऊजी तसे गरमीत पडलेले..." त्यांनी पदर तोंडात धरला. "मेलेल्या मानसाले गरमी नाई होत, हे समजते मले. एवढी येडी नाई मी."

"पोलिसांनी विचारलं नाही, कूलर कुणी लावला?"

"थो कायले इचारीन? थो कूलरच्या समोर बसूनच लिहून राह्यला होता."

मी हसले. मेलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या खाटेशेजारी, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग मला नेमकं पाहिजे होतं ते विचारलं. "तुम्ही पाणी टाकलंत, तेव्हा टाकी कशी होती?"

"कोरडी ठनठनीत. आत कोळ्यानं जाळं केलतं, थे हातानं काढलं. भाऊजी कुठी लावत होते कूलर? त्यायचा पंखा तेवढा चालू होता."

कोळ्याचं जाळं दोन दिवसांत होत नाही. कांताबाई 'नको बाई, लफडं होईन' म्हणत असताना मी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या कानाला धरला. त्यांनी आधी 'हॅलो, मले काही मालूम नाई' असं म्हटलं आणि मग पंधरा मिनिटं सगळं सांगितलं, कोळी किती मोठा होता त्यासकट. डॉक्टरांनी खिडकी, दार, पंखा, छत यांचं विचारलं आणि तासाभरात कळवते म्हणाल्या.

त्या तासाबद्दल काय सांगू? खोलीत बसवेना. मी तोंड धुवायला घरामागे गेले. कूलरच्या खिडकीखाली टाकीचं पाणी ठिबकून वीतभर जमीन ओली राहिली होती, सगळ्या वडनेरात तेवढीच हिरवी. तिथे रोपं उगवली होती. दाटीवाटीनं, दोन-तीन पानांवर आलेली. मी खाली बसले. वांग्याचं रोप मी डोळे मिटून ओळखते. बोटानं पानाची खालची बाजू पाहिली. शिरेवर काट्याचा बारीक ठिपका होता.

"हे इथे कुणी पेरलं?"

कांताबाई खिडकीतून डोकावल्या. "पेरलं कोनं? खाटेखाली ताटात बी वाळत घातलतं भाऊजीनं. पिकल्या वांग्याचं. मयताच्या घरी उघडं राह्यलेलं काई ठेवत नाईत ना आमच्यात. मडक्यातलं पानी फेकलं, भाजी फेकली, थे ताट बी तिथं खिडकीतून रिकामं केलं. मंग तेरा दिवस पाहुने होते, कूलर चालू होता, अन् अजून बी रोज कोनी ना कोनी येते बसाले. आलं असन उगून."

वांग्याचं बी काढायला फळ झाडावर पिवळं होऊ द्यावं लागतं, मग कुस्करायचं, धुवायचं, सावलीत पसरायचं. सात वर्षं ज्या माणसानं मला कोवळी वांगी पाठवली, त्यानं ताटभर बी काढून ठेवलं होतं. फोनच्या आधी की नंतर, पेरायला की कुणाला द्यायला, हे मी कांताबाईंना विचारलं नाही. त्यांना माहीत नव्हतं. जंतूही एवढं सांगत नाहीत, ते फक्त वेळ सांगतात.

फोन वाजला तेव्हा माझे हात चिखलात होते.

"भट्टीतलं घड्याळ लावलं," डॉक्टर म्हणाल्या. "मंगळवार सकाळ, उशिराची, तिथपासून संध्याकाळपर्यंत. याहून नेमकं मला सांगता येणार नाही. पण खोली बुधवारपर्यंत तापलेली असेल, तर सोमवार संध्याकाळ बसत नाही."

मी रोपांतलं एक तण उपटलं.

"ताई, ऐकताय ना? यावर घासाघीस करायची नाही?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर लावलाय भाव."

मग मी त्या ओल्या मातीत तशीच बसून राहिले. वामनराव सोमवारी रात्री जेवले असतील. झोपले असतील. मंगळवारी उजाडायच्या आत वांग्यांना पाणी सोडलं असेल. माझ्या वाक्यानंतर त्यांना एक अख्खी रात्र आणि एक सकाळ मिळाली होती. पाच-दहा मिनिटं छान हलकं वाटलं. नंतर हळूहळू ध्यानात यायला लागलं. म्हणजे फोन हातून पडला नव्हता. या माणसानं माझा फोन कापला होता. मी बोलत असताना. आणि रात्रभर, सकाळभर वेळ असून उलटा फोन केला नव्हता.

"काय झालं?" कांताबाईंनी खिडकीतून विचारलं. "तोंड काऊन लाल झालं?"

"त्यांनी माझा फोन कापला."

"हत् बाई. थे सगळ्याचाच कापत."

पुन्हा सिंदी मेघे

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून रेखाकडे गेले. डॉक्टरांचा फोन तिला आधीच आला होता. दारात माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या कापून केलेल्या कुंड्यांचं खोकं बघून ती बाजूला झाली, टाकीत पाणी ओतलं, कूलर लावला.

"म्हंजे बाबांनी फोन कापला," ती म्हणाली.

"माझं वाक्य संपलं आणि धाडकन."

"माझा बी कापत. 'बरं, ठेवतो' असं एकदा बी म्हनलं नाई त्यायनं." ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. खोक्यातल्या एका रोपाचं मुडपलेलं पान बोटानं सरळ केलं. "मी तुमाले नाई नाई ते बोलली."

"मी तुझ्या वडिलांना बोलले होते. फिटलं."

"फिटलं," ती म्हणाली. मग डोळे पुसून, सरळ बसून, "पर रोपं कोनाचे?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. रोपं तिच्या घरची होती, तिनंच ठरवायचं होतं. मी समजावून सांगितलं, की मी ती वाढवीन, बी धरीन, दरवर्षी तिला रोपं पाठवीन, आणि विकताना माझ्या रोपवाटिकेचं नाव लावीन, कारण गिऱ्हाइकाला वडनेर माहीत नाही.

"वडनेरी," रेखा म्हणाली.

"अगं, धंद्यात असं..."

"वडनेरी. नाईतर राहू द्या इथंच."

"ऐकून तर घे. सात वर्षं तुझ्या वडिलांनी हाच हट्ट धरला, आणि त्यात कुणाचं भलं झालं ते तूच..."

ती उठली, माझा रिकामा पेला उचलला आणि मी वाक्याच्या मध्यावर असताना आत निघून गेली. घराणं ओळखू आलं. आतून तिनं विचारलं, "चहा साखरेचा का बिनसाखरेचा?"

रोपं आता मांडीपर्यंत आली आहेत आणि पहिली फळं मी तोडलेली नाहीत, पिवळी होऊ देणार आहे. वाफ्यावर पत्र्याची पाटी लावली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'वडनेरी' लिहिलंय, आणि त्याच्या खाली माझ्या रोपवाटिकेचं नाव, वामनरावांना चष्मा लावूनही वाचता येणार नाही इतकं बारीक.